दुपारनंतरची बाही

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय पिटू,

आई गेली तेव्हा तू पाठवलेल्या पाकिटावर जो पत्ता होता, त्याच पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तू धडधाकट असशील, घर बदललं नसशील आणि माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच केरात टाकणार नाहीस, एवढं तिन्ही धरून चालते.

माझं बरं आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. खालच्या मजल्यावरची शिंपीण रोज चार वाजता चहाला येते आणि जगातल्या यच्चयावत सुनांची उणीदुणी काढून जाते. तिला सून नाही, मुलगाही नाही, म्हणून तिचं मत निःपक्षपाती आहे असं ती सांगते.

काम सोडून आठ वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही. कोणाकडे गेले की कपात चहा कुठवर आहे, पडदा किती सरकवलाय, यजमानाच्या शर्टाचं कितवं बटण उघडं आहे, हे डोळे आपले टिपत बसतात. तू मला 'बटणांची कारकून' म्हणायचीस. एकाच प्रसंगाचं शूटिंग तुकड्यातुकड्यांनी होतं, आणि पहिल्या तुकड्यात नायकाच्या उजव्या हातात असलेली छत्री दुसऱ्या तुकड्यात डाव्या हातात गेली तर लोक हसतात, म्हणून सगळं लिहून ठेवणारी एक बाई लागते, हे मी तुला किती वेळा समजावलं असेल. तू म्हणायचीस, "म्हणजे तुला पगार मिळतो तो लोकांनी हसू नये म्हणून."

आता मुद्द्याचं. नाव लिहीत नाही, तू ओळखशील: त्याला सिनेमात येऊन चाळीस वर्षं झाली. तुझ्या गावातही पोस्टर लागली असतील. सगळ्या पोस्टरांवर तीच पोझ: मान किंचित खाली, डावा हात उजव्या मनगटाशी, बाहीचं बटण लावताना. एका मोठ्या संस्थेनं जुन्या स्टुडिओत त्याच्या कारकिर्दीचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय आणि त्यासाठी त्यांना माझ्या वह्या हव्या होत्या. एकशे बारा वह्या, प्रत्येक पानावर शॉटच्या वेळा, कपड्यांची नोंद आणि टाचणीनं टोचलेला झटपट कॅमेऱ्यातला फोटो. मी हो म्हटलं. तुला विचारायला हवं होतं का, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. आता येतो आहे.

प्रदर्शनाची मुलगी गेल्या सोमवारी आली. तेविशी-चोविशीची, हातात पांढरे मोजे, तोंडात अखंड बडबड. माझ्या जेवणाच्या टेबलावर वह्या मांडून ती एकेक पान न्याहाळत होती. माझं अक्षर तिला फार आवडलं. म्हटलं, शाळेतल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घटवून घेतलंय, कौतुक त्यांचं कर. आणि मग ती एकदम उठून उभीच राहिली.

"मावशी, हे बघा. बाही इथे सुरू झाली."

मास्तरच्या चित्रपटाची वही होती. तुला आठवत असेल. तोवर तो चार नायकांतला एक होता, त्या चित्रपटानं तो एकटा उरला. नोकरीवरून काढलेला मास्तर मुख्याध्यापकाच्या खोलीत पत्र वाचतो, काही न बोलता दुमडलेल्या बाह्या खाली सोडतो, बटणं लावतो, आणि मगच म्हणतो, "मी उद्याही येणार." थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. पुढे प्रत्येक चित्रपटात निर्मात्यांनी ती बाही मागून घेतली. पोरं कॉलेजात तशी बटणं लावायला लागली.

ती मुलगी म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीआधीच्या फोटोत बाह्या कोपरापर्यंत आहेत आणि पटकथेत बाहीबद्दल अक्षर नाही. सुट्टीनंतरच्या पानावर तुम्ही लिहिलंय, बाही खाली, बटण बंद. म्हणजे ही कल्पना दुपारच्या जेवणात जन्माला आली. हे पान आम्ही दारातच लावणार, माणसाएवढं मोठं करून." मग सुट्टीवरून परतताच काढलेला फोटो भिंगातून बघत तिनं विचारलं, "त्यांच्या हाताला हे काय झालंय?"

मी भिंग घेतलं. उजव्या हातावर, मनगटापासून वर, चार ओरखडे. ताजे. त्याखाली माझ्या सुबक अक्षरात तारीख.

पिटू, ती तारीख तू मला सांगायला नको आणि मी तुला सांगायला नको.

मी तिला म्हटलं, डोळा दुखतोय, बाकीचं परवा बघू. ती गेली. शिंपीण चहाला आली तेव्हा मी पातेल्यात साखरच घालत राहिले होते, तिनं हात धरला तेव्हा कळलं.

आता पुरे. उरलेलं उद्या लिहीन.

१५ नोव्हेंबर

काल लिहिलेलं वाचलं तर असं वाटतं की मला त्या पानाचा काही पत्ताच नव्हता. मला तसंच वाटत होतं. ओरखडे बघून मला जो धक्का बसला तो खोटा नव्हता. पण तो अपुरा होता. उरलेला धक्का मंगळवारी फोनवर मिळाला.

मुलीनं उत्साहानं त्याला कळवलं होतं की बाहीचा जन्म सापडला. त्याचा फोन आला. आवाज अजून तोच, लोण्यासारखा. तब्येत विचारली, मोतीबिंदूचं त्याला माहीत होतं. मग म्हणाला, तेवढं पान त्यांना देऊ नका, बाकी वह्या खुशाल द्या. मी विचारलं, ते ओरखडे कशाचे होते?

तो म्हणाला, "वहीताई, तुम्ही तेव्हा विचारलं नाही. आता काय विचारताय?"

मी म्हटलं, मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याला खरंच नवल वाटलं. इतक्या वर्षांत त्याचा खरा आवाज आणि पडद्यावरचा आवाज यांतला फरक मला कळतो. तो म्हणाला, "असं कसं? बाही तुम्हीच सुचवलीत. नंतर तुमच्या वडिलांसमोरही मला सांभाळून घेतलंत. मी ते कधी विसरलो नाही. म्हणून तर प्रत्येक करारात तुमचं नाव घालायला लावलं."

त्यात धमकी नव्हती, टोमणा नव्हता. तो माझे आभार मानत होता.

मास्तरच्या चित्रपटानंतर तेवीस वर्षं मी त्याच्या प्रत्येक चित्रपटावर होते. सेटवर लोक म्हणायचे, वहीताई असतील तरच साहेब तारखा देतात. मी मान ताठ करून चालायचे. वाटायचं, माझ्या वहीत चूक सापडत नाही म्हणून. मागे त्याला नवा दिग्दर्शक म्हणाला होता की आता हे काम एखादी तरुण मुलगी करेल, तर हा उठून निघाला होता. ती गोष्ट मी किती जणांना रंगवून सांगितली असेल. ते माझ्या कामाचं मोल नव्हतं, पिटू. ती गप्प राहिल्याची परतफेड होती, आणि मी ती बक्षिसासारखी मिरवली.

फोन ठेवल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. माझंच पान. बाहीच्या नोंदीच्या वरच्या ओळी तुला जशाच्या तशा सांगते.

सुट्टी एक वाजता. नायक परत: तीन वीस. उजव्या हातावर ओरखडे, रंगाने झाकले जात नाहीत. कारण: मांजर.

मांजर, असं त्यानं सांगितलं होतं. मेकअपदादा हसून म्हणाले होते, "मांजरीला सांगा, साहेब, धंद्यावर नखं मारू नकोस." सगळे हसले. मीही हसले. तुला मांजराच्या केसानं शिंकांवर शिंका यायच्या. लहानपणी शेजारचं पिल्लू मी दप्तरात लपवून आणलं तेव्हा तुझे डोळे सुजून बंद झाले होते. तुम्हा नवराबायकोच्या घरात मांजर असणं शक्य नव्हतं, आणि हे त्या सेटवर त्याच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. मी हातातलं पेन घेऊन तो शब्द लिहिला. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं जागच्या जागी.

मग दिग्दर्शक वैतागला की सकाळच्या शॉटमध्ये हात स्वच्छ आहे, आता काय करायचं, उजेड चाललाय. मी पुढे होऊन म्हटलं, डाव्या हाताची बाही कॅमेऱ्यासमोर खाली सोडू दे, कॅमेरा उजवीकडे वळेपर्यंत उजवीही खाली आलेली असेल, बघणाऱ्याला दोन्ही पाहिल्यासारखं वाटेल. दिग्दर्शकानं टाळी दिली. मला इतका आनंद झाला होता. माझ्या बहिणीच्या नखांच्या खुणा होत्या त्या, आणि माझ्या लेखी ती फक्त एक न जुळणारी गोष्ट होती, जुळवून टाकायची.

तू हात गळ्यात बांधून बाबांकडे आलीस ती त्याच संध्याकाळी. रविवारी बाबांनी सगळ्यांना बसवलं. तू सांगितलंस, तो दुपारी घरी आला होता, मला दारावर आपटलं, हात मोडला. तो म्हणाला, मी दिवसभर सेटवर होतो, ताईंना विचारा. बाबा माझ्याकडे वळले. मी म्हणाले, नऊपासून सातपर्यंत तो माझ्या डोळ्यांसमोर होता, वहीत आहे. बाबांनी विचारलं, "लिहिलंय?" मी म्हणाले, "लिहिलंय."

वही माझ्या पिशवीत होती. कोणी ती उघडायला सांगितली नाही. माझ्या अक्षरावर आपल्या घरात सगळ्यांचा तेवढा विश्वास होता.

तू रडली नाहीस, भांडली नाहीस. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "ताईनं लिहिलंय म्हणजे झालंच की मग." एकतीस वर्षं मी ते टोमणा म्हणून ऐकत आले. आता वाटतं, तो टोमणा नव्हताच. क्षणभर तुला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. मोडलेला हात गळ्यात असताना. ते माझ्यामुळे.

मी का केलं, हे तू विचारशील. मी त्याला घरी आणला होता, मी तुमची गाठ घालून दिली होती, तेव्हा तो वाईट निघाला तर मी चुकले, आणि मी चुकत नसे. एवढंच आहे ते. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही. त्या दिवशी मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी कळू दिलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, आणि पुढे ते कातडं आहे हेही विसरले. आणि गंमत बघ, डोळ्यांवरच माझं पोट होतं.

बुधवारी मुलगी परत आली. मी तिला सांगितलं की मास्तरच्या चित्रपटातलं ते पान मिळणार नाही. ती हिरमुसली, म्हणाली, "पण मावशी, सगळं प्रदर्शन त्या पानावर उभं राहिलं असतं." मी म्हटलं, ते पान माझं नाही. कोणाचं, तिनं विचारलं. म्हटलं, जिच्या नखांनी ते ओरखडे काढले तिचं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातले मोजे काढले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. जाताना तिनं बाकीच्या वह्याही नेल्या नाहीत. मी आग्रह केला नाही.

ते पान सोबत आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी वहीचं पान फाडलं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. छापून आणायचं असेल तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि कोणी विचारलं तर माझं अक्षर ओळखून देईन. जाळायचं असेल तर जाळ. तू त्यातलं काहीच न करता पेटीत ठेवून दिलंस तरी तो तुझा हक्क आहे. उत्तर पाठव असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. माफीही मागत नाही; मागितली की ती देण्या-न देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच.

त्या रविवारी बाबांच्या खोलीत जे ऐकायला बसले होते त्यांतले आई, बाबा, मामा कोणी उरले नाहीत. ऐकणारी तू एकटी आहेस. तेव्हा बाबांनी विचारलं होतं त्याचं उत्तर आज देते:

तो दुपारी एक ते तीन वीस माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. परत आला तेव्हा त्याच्या हातावर नखांचे चार ताजे ओरखडे होते. माझ्या बहिणीनं जे सांगितलं ते खरं आहे. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

वाचून, पडताळून सही केली.

तुझी मोठी बहीण