शेजाऱ्याचा शुफा

औरंगाबाद, ता. ६ बहमन १३४२ फसली

तीर्थस्वरूप गं. भा. वच्छलाक्का हिच्या चरणी धाकट्या तात्याचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. सोयगावात माझ्यासाठी खोली सारवून ठेवलीस, हे वाचून भरून आलं. तू एकटी, मी एकटा. म्हातारपणी दोघांनी एका चुलीवर जेवावं हे ठरलंय, ते विसरलेलो नाही. गुलमंडीमागचं हे घर विकलं गेलं की मी आलोच.

उशीर झाला तो माझ्याच हौसेनं. गळतं छप्पर बुजवायला सांडू गवंड्याला बोलावलं आणि माझ्या अंगात मलिक अंबर संचारला. सागवानी खांबांना तेल पाजलं, हौद उपसला, आजोबांच्या वेळेपासून मुकं असलेलं कारंजं सुरू केलं. ते सरळ उडत नाही, एका अंगाला थुंकतं, आणि गिऱ्हाइकाला मी नेमकं त्याच अंगाला उभं करतो. घर विकणे आहे अशी उर्दू पाटीही मीच रंगवली. अक्षर इतकं नक्षीदार उतरलं की दोघंजण दर्गा समजून चपला काढून आत आले.

एक मात्र लागून राहिलंय. पलीकडचे इब्राहीममियाँ, हिमरू विणणारे, माझ्याशी बोलत नाहीत. सामाईक भिंत खरवडताना चुन्याची धूळ त्यांच्या मागावर गेली आणि कुणाच्या लग्नाची शाल नासली. माफी मागायला गेलो, तर तिथंही कारंज्याचंच कौतुक सांगत बसलो. आता घर विकतोय हे अवघ्या गल्लीला ठाऊक, फक्त भिंतीपलीकडं नाही. सांगायला धीर होत नाही.

लोभ आहेच, थोडा वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझा तात्या

सोयगाव, मार्गशीर्ष वद्य ६, शके १८५४

चि. तात्यास वच्छलाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कारंजं दगडाबाईला वाचून दाखवलं. ही माझी शेजारीण, रोज दुपारी वाती वळायला येते. ती म्हणाली की पाणी अंगावर घ्यायचं तर माणूस विहिरीवर जाईल, त्याला घर कशाला लागतं.

पण थट्टा बाजूला. तुझी बायको आजारी होती तेव्हा इब्राहीमभाई रात्र रात्र तुझ्या ओट्यावर बसून होते. त्यांना सोडून गावाला सांगतोस? आधी त्यांना सांग, मग निघ. चोरासारखा येऊ नकोस.

पण ये. मला हे घर खायला उठतं. संध्याकाळी एक भाकरी जास्त थापली जाते आणि मग ती गाईला घालते. इथं थंडी लई पडली आहे, तुझी गोधडी उन्हात घालून ठेवली आहे.

माया करतोसच, ती पायांनी चालत आण.

वच्छलाक्का

औरंगाबाद, ता. ९ इस्फंदार १३४२ फसली

तीर्थस्वरूप अक्का, सा. न. वि. वि.

बसून वाच. जालन्याचे काकासाहेब, सरकीचे व्यापारी, यांनी अंगावर पाणी झेलूनही घर पसंत केलं. खरेदीखत झालं. तुझं ऐकून मी इब्राहीममियाँच्या दारापर्यंत दोन-तीनदा गेलो आणि खोकून परतलो. शेवटी बातमी त्यांना न्हाव्याकडून कळली.

आपल्या मुलखात शेजाऱ्याला शुफ्याचा हक्क आहे. घर परक्याला विकलं, तर त्याच किमतीला ते मागण्याचा पहिला हक्क वाटेकऱ्याचा, मग शेजाऱ्याचा. अट एवढीच की बातमी कानी पडताच, हातातला घास टाकून, तिथल्या तिथं मागणी बोलायची. मग साक्षीदारांसमक्ष ती पुन्हा बोलायची. उभी हयात अदालतीत पेशकारी केली, असे दावे वाचता वाचता माझे दात पडले, पण आपल्यालाही शेजारी आहे हे काही डोक्यात आलं नाही.

न्हावी सांगत होता की मियाँ अर्ध्या दाढीवर ताडकन उठले आणि मागणी ओरडले. तसेच साबण लागल्या गालानं, दोन साक्षीदार घेऊन, माझ्या हौदाशी येऊन उभे राहिले. काकासाहेबांचा मुनीमही तिथंच होता. मियाँनी घर मागितलं खरं, पण पहिली मागणी ऐकताक्षणी केली होती, हे बोलायला विसरले. तेवढ्यानं दावा पडतो. मी गप्प बसलो असतो तर घर काकासाहेबांचं झालं असतं आणि आज मी तुझ्या ओट्यावर असतो. पण अक्का, चुकीचा मजकूर कानी पडला की मला राहवत नाही. मी मियाँना थांबवलं, राहिलेलं वाक्य सांगितलं आणि दोनदा म्हणून घेतलं. मुनीमानं कपाळावर हात मारला. स्वतःविरुद्धचा दावा पक्का करून देणारा पेशकार निजामाच्या राज्यात मी एकटाच असेन.

मग मियाँ रडले, मीही रडलो. म्हणाले की तुम्ही न सांगता निघालात ते सोसलं नाही. आता घर त्यांचं. खाली त्यांच्या मुलाचा माग लागणार आणि माडीवर मी राहणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हा सोयगावचं यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू.

रागावलीस तरी पत्र टाक.

तात्या

सोयगाव, पौष वद्य ७, शके १८५४

चि. तात्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दगडाबाईला वाचून दाखवत होते. मुनीमापर्यंत आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ‘यंदा राहू दे’ आलं. मला वाईट वाटलं, ते झाकून ठेवत नाही.

इब्राहीमभाईंवर राग नाही. राग माझा मलाच आला. हे गेले तेव्हा दिरांनी शेत वाटून घेतलं, मी ब्र काढला नाही. तू वर्षानुवर्षं येतो येतो म्हणालास, तरी मी खुशालीच विचारत बसले. शेजाऱ्यानं अर्धी दाढी टाकून तुला अडवलं आणि मी सख्खी बहीण गोधड्या वाळवत राहिले.

म्हणून कळवते की हातातलं पत्र टाकून मी जागच्या जागी उठले, मांडीवरचा कापूस घरभर झाला, आणि मोठ्यानं म्हणाले की माझा भाऊ मला पाहिजे. शेजाऱ्याआधी वाटेकऱ्याचा हक्क, हे तूच लिहिलंस. एका आईच्या पोटचे आपण दोघंच उरलो आहोत. दगडाबाई साक्षीला होती, ती व्हय म्हणाली. दुसरा साक्षीदार पाहिजे म्हणून गोठ्यातून बन्सी गड्याला बोलावलं. त्याला काही कळलं नाही, पण तोही व्हय म्हणाला.

हे पत्र म्हणजे दुसरी मागणी. पहिली मी ऐकताक्षणी केली होती. मजकुरात आणखी काही चुकलं असेल तर पत्रानं कळवू नकोस. इथं येऊन दुरुस्त कर.

तुझी
वच्छलाक्का