दहा पॉइंट पंचावन्न

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

परत १०.६१ सेकंद! चर्चमधल्या मिसावरून आल्यापासून चाळीस वेळा धावलो आणि आकडा तोच जुना. युहा १०.५८ वर बसलाय तो बसलाच. फिनलंडचा माणूस. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, व्हिडिओतले गोरे हात तेवढे पाहिलेत. ते हात मला आवडत नाहीत.

कुवेतच्या काकांनी पंचाण्णव साली आणलेला टीव्ही गेम, तीच पिवळी कॅसेट, त्यातली अडथळ्यांची शर्यत. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता एकोणचाळीस. सातिवलीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, आणि या एका शर्यतीत जगात दुसरा. दोनशेएक वेडे जगभरात अजून हा खेळ खेळतात, ब्राझीलमधला एक जण नेटवर त्यांची यादी सांभाळतो. पाच वर्षं मी त्या यादीत दुसरा आहे. आमच्या सांडोर गावात कोणाला सांगितलं तर म्हणतात, "अजून खेळतोस होय?"

७ ऑक्टोबर

रिमोटचं धावायचं बटण अडकायला लागलंय. उघडून पाहिला. आतलं रबर पार झिजलंय. जुन्या रिमोटमधलं काढून बसवलं.

८ ऑक्टोबर

वायरही कुठेतरी सुटत होती. बायकोला, प्रिस्काला, हाक मारली. म्हटलं, "तू नुसतं बटण दाबत राहा, मी वायर हलवून बघतो." ती हात पुसत आली आणि बसली.

वायर सापडली. मान वर करून पडद्याकडे पाहिलं तर ११.२०.

लहानपणी मला तिथे पोचायला दोन वर्षं लागली होती.

"चांगलं आहे का?" तिने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

११ ऑक्टोबर

कामावरून आलो. गेटपाशी बूट काढतानाच बटणाचा आवाज ऐकू आला. माझा आवाज नव्हे. मी दाबतो तेव्हा खडखड होते. हा आवाज सलग होता, पत्र्यावरच्या पावसाच्या सरीसारखा.

आत प्रिस्का आणि जीना. जीना म्हणाली, "पप्पा, मम्मी उडी मारताना गाणं म्हणते." गाणं नाही, ती मोजते. तीन पावलं आणि उडी, तीन पावलं आणि उडी. पंधरा वर्षं चर्चमध्ये की-बोर्ड वाजवते ती. एकाच बटणावर दोन बोटं आलटून पालटून टाकते, एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवावा तशी. मी अख्खा दंड ताणून थरथरवतो. संध्याकाळी खांदा दुखतो. तिचं मनगटसुद्धा हलत नाही.

१०.९१.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिसाला आज देवाकडे लक्ष नव्हतं. तिच्या बोटांकडे होतं.

१५ ऑक्टोबर

१०.७०. सात दिवसांत. माझी पाच वर्षं आणि हिचे सात दिवस!

जेवताना म्हटलं, कालवणात मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं. तिने चाखून पाहिलं आणि माझ्या वाटीत थोडं नारळाचं दूध घातलं.

सर्वात जास्त राग याचा येतो की तिला काही पडलेलं नाही. खेळते, हसते, उठून भाजी चिरायला जाते. युहाचं नावसुद्धा तिच्या लक्षात राहत नाही. मला युहाचा हेवा वाटायचा तेव्हा बरं होतं. तो निदान फिनलंडमध्ये होता, रात्री माझ्या शेजारी झोपत नव्हता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहू की नको. लिहितो.

दुपारी जीनाला मैत्रिणींना दाखवायला मम्मीचा व्हिडिओ हवा होता. मी माझा फोन स्टँडवर लावून दिला. यादीसाठी लावतो तसाच, पडदा आणि हात दोन्ही दिसतील असा. सवय. तिसऱ्या शर्यतीत ती एकाही अडथळ्याला अडली नाही. १०.५५.

जगात कोणीही एवढं जलद धावलेलं नाही. जीना टाळ्या पिटत होती. प्रिस्काने माझ्याकडे वळून विचारलं, "हे त्या तुझ्या माणसापेक्षा कमी आहे ना?"

मी फोन उचलला. पाठ करून उभा राहिलो. व्हिडिओ पूर्ण होता, स्वच्छ होता, बोटं दिसत होती. मी तो पुसला. मग जिथे पुसलेले व्हिडिओ महिनाभर राहतात तिथूनही पुसला.

म्हटलं, "अर्ध्यातच थांबलंय रेकॉर्डिंग. स्टँडला धक्का लागला बहुतेक."

ती म्हणाली, "माझाच कोपर लागला असेल. सॉरी रे."

२० ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी, गोडाऊन चार दिवस बंद. प्रिस्का गेमला हात लावत नाही. "तुझी सुट्टी आहे, तू खेळ," म्हणते. जीनालाही खोलीबाहेर ठेवते, पप्पांना त्रास नको म्हणून.

मी तिच्यासारखी दोन बोटं टाकून पाहतो. तिच्यासारखं मोजतो. तीन पावलं आणि उडी.

२३ ऑक्टोबर

१०.६०. तिच्याच पद्धतीने.

२६ ऑक्टोबर, रविवार

१०.५७.

युहा मागे पडला. रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. व्हिडिओ पाठवला. दोन तासांत ब्राझीलवाल्याने यादी बदलली. पहिलं नाव, डेन्झिल डाबरे, इंडिया. तीस वर्षं मी या ओळीची वाट पाहत होतो.

प्रिस्का धावत आली, मिठी मारली. तिच्या केसांना कांद्याचा वास येत होता. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली. मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होतो आणि मला १०.५५ दिसत होतं.

२८ ऑक्टोबर

युहाने दोन ओळी पाठवल्या. तुझी बोटांची नवी पद्धत फार सुंदर आहे, कुठे शिकलास?

उत्तर दिलेलं नाही.

१ नोव्हेंबर

चुलतभाऊ एल्रॉयने गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'आपला डेन्झिल वर्ल्ड चॅम्पियन'. एकशे बारा जणांनी अंगठे दिले. जे हसायचे तेच. संध्याकाळी प्रिस्काने केक केला. जीना म्हणाली, "पण मम्मी तर पप्पांपेक्षा..." प्रिस्काने तिच्या तोंडात केकचा तुकडा घातला.

९ नोव्हेंबर, रविवार

मिसानंतरच्या सूचनांमध्ये फादरनी माझं नाव घेतलं. आपल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या एका भावाने जागतिक विक्रम केला आहे, वगैरे. सगळे वळून पाहायला लागले. टाळ्या. मी उभा राहिलो. की-बोर्डमागे प्रिस्काही उभी होती, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. मग बसली आणि माझ्यासाठी दोन ओळी वाजवल्या, वाढदिवसाला वाजवतात तशा. त्याच दोन बोटांनी.

बाहेर लोक हात मिळवत होते. एल्रॉय म्हणाला, "वहिनी, तुम्हीही कधी खेळून बघा." ती म्हणाली, "मला कुठे जमतंय."

१० नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी जीना शाळेत गेल्यावर. प्रिस्का केळफूल सोलत होती. मी उभ्यानेच बोललो, सगळं. व्हिडिओ पूर्ण होता, मी पुसला, दोनदा पुसला. माझं नाव यादीतून काढायला सांगतो, असंही म्हटलं.

तिने एक पाकळी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "नाव कशाला काढतोस? धावलास तो तूच ना?"

मी हो म्हटलं.

"मग ते तुझं आहे." अजून एक पाकळी काढली. "माझं जलद होतं ते सहन झालं नाही, तेही समजलं. पण मी सॉरी म्हटलं होतं, डेन्झिल. तू समोर उभा होतास. माझा कोपर लागला असेल म्हणून मी तुला सॉरी म्हटलं, आणि तू ते घेतलंस."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "कामाला उशीर होईल तुला."

१३ नोव्हेंबर

बोलते. जेवायला वाढते. फक्त विचारलं तेवढंच बोलते. जीनाने आज विचारलं, मम्मीचा घसा बसलाय का?

१६ नोव्हेंबर, रविवार

युहाला खरं लिहिलं. पद्धत माझी नाही, बायकोची आहे, ती चर्चमध्ये वाजवते, आणि ती माझ्यापेक्षा जलद आहे. पाठवून झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. लिहितानासुद्धा 'माझ्यापेक्षा जलद' हे शब्द दोनदा पुसले, पुन्हा लिहिले. हेवा अजून वाटतो. तो गेलेला नाही, खोटं कशाला लिहू.

प्रिस्काला तो निरोप दाखवला. वाचला. म्हणाली, "शनिवारी दुपारी टीव्ही मोकळा ठेव."

२२ नोव्हेंबर, शनिवार

१०.५३. फोन तिचा होता, स्टँड तिने लावला, मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "नको, तू तिथेच थांब." व्हिडिओही तिनेच पाठवला. यादीत पहिल्या ओळीत आता 'प्रिस्का परेरा, इंडिया' असं आहे. परेरा तिचं माहेरचं आडनाव. लग्नाला बारा वर्षं झाली, आजवर कुठल्याही कागदावर तिने ते लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.