प्लव्हर उघडेपर्यंत

३ मार्च
गावातला एकमेव पब बंद होऊन आज नऊ दिवस. ‘प्लव्हर’च्या दाराला कुलूप, खिडक्यांना फळ्या. मालक कंपनी तो विकणार, घेणारे तिथे तीन फ्लॅट काढणार म्हणे. काढा म्हणावं! गावाने मिळून पब विकत घ्यायचा, असं मी पोस्टाच्या रांगेत जाहीर करून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यात नेतृत्वगुण पहिल्यापासून आहेत, सर्वेक्षण खात्यात तीस वर्षं कोणाला दिसले नाहीत एवढंच.

४ मार्च, सकाळी
शेजारच्या विल्फला बातमी दिली. विल्फ गार्साइड. त्याच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. त्याची बायको गेल्यापासून चौदा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी प्लव्हरमध्ये एका टेबलाला बसलो. बोलायचो फारसं नाही. तो म्हणाला, पब मिळेल तेव्हा मिळेल, तोवर माझ्याकडे येत जा की, बाटल्या आणून ठेवल्यात. म्हटलं, अरे बाबा, ही काय बसायची वेळ आहे?

११ मार्च
चर्चच्या हॉलमध्ये सभा. बावीस जण. मी बिनविरोध अध्यक्ष. दुसरं कोणी उभं नव्हतं, यातच काय ते आलं. सेक्रेटरी हेस्टर ब्लेमायर्स, निवृत्त मुख्याध्यापिका. फार प्रश्न विचारते. कौन्सिलकडे अर्ज करायचं ठरलं. तो मंजूर झाला की सहा महिने कंपनीला पब दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. तेवढ्यात गावकऱ्यांना शेअर विकून आणि थोडं सरकारी अनुदान मिळवून पैसे उभे करायचे. सहा महिने म्हणजे डोक्यावरून पाणी.

३० मार्च
अर्ज मंजूर! मुदत तीस सप्टेंबर. लगेच पत्रक काढलं. त्यासाठी विल्फला बंद दारासमोर उभं करून फोटो घेतला. बोचरा वारा होता, गडी खोकत होता. म्हटलं, चेहरा जरा उदास कर. म्हणाला, करायचा कशाला, आहे तोच घे. फोटो अप्रतिम आला. खाली मोठ्या अक्षरांत : ‘विल्फला एकटं पडू देऊ नका.’ ही ओळ माझी.

१९ एप्रिल
विश्वासघात. अॅक्रॉइडच्या मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये दर शुक्रवारी आठ-दहा जण बसतात! बीअरचं पिंप आणलंय, गवताच्या गठ्ठ्यांवर बैठक. विल्फसुद्धा होता, हसत होता. डोळ्यांनी पाहिलं. अरे, शेडमध्ये भागतंय म्हटल्यावर पबचे शेअर कोण घेणार? अनुदानवाले विचारतील, गरज कुठे आहे?

२२ एप्रिल
तातडीची बैठक. ठराव क्रमांक सात : प्लव्हर उघडेपर्यंत कोणीही कोणाच्या घरी, शेडमध्ये वा अंगणात प्यायला बसणार नाही. गावाला उणीव भासलीच पाहिजे. अॅक्रॉइड म्हणाला, अरे ट्रास्क, डोकं फिरलंय का तुझं? विल्फने विचारलं, चहा चालेल का? हेस्टर म्हणाली, अहो मिस्टर ट्रास्क, चहाला काय हरकत आहे? मी म्हटलं, चहापासूनच सुरुवात होते. मग सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. इथल्या माणसांना तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. ठराव एकमताने मंजूर.

१४ मे
ठरावाचा परिणाम उत्तम. तीन आठवड्यांत कोणी कोणाकडे गेलेलं नाही. शुक्रवारी सातला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उणीव भासतेय! शेअर विकले गेले : अकरा. त्यातले पाच माझे. हंगाम मेंढ्यांचा आहे, लोकांना सवड नाही.

९ जून, संध्याकाळी
दार वाजलं. विल्फ, कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक बाटली. म्हणाला, एक तुझी एक माझी, कोणाला कळतंय? मी कंपनीला सतरावं पत्र लिहीत होतो. दारातच समजावलं : पत्रकावर तुझाच फोटो, आणि तूच ठराव मोडणार? लोक काय म्हणतील? तो म्हणाला, लोक कुठे आहेत अल्विन? उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. प्लव्हर उघडला की पहिला ग्लास माझ्याकडून, असं वचन दिलं. बराच वेळ उभा होता पायरीवर. पत्राची लय बिघडली.

२ जुलै
हेस्टरने राजीनामा दिला. म्हणे ठराव सात मागे घ्या, म्हातारी माणसं घरात कुजताहेत. म्हटलं, मॅडम, त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं. त्यावर ती म्हणाली, तुम्ही शेवटचं कोणाशी बोललात, सभा सोडून? असले वैयक्तिक प्रश्न. सेक्रेटरीचं काम आता मीच बघेन. बरंच झालं, निर्णय पटापट होतील.

५ ऑगस्ट
बैठक. हजर : मी, अॅक्रॉइड (छत्री विसरला होता, ती न्यायला). विल्फ सलग तिसऱ्यांदा गैरहजर. नियमाप्रमाणे नाव कमी केलं. कर्तव्य कठोर असतं. बॅनरवर फोटो मात्र तोच ठेवला, लोकांची नजर सरावलीय त्याला.

२८ ऑगस्ट
विल्फ कुंपणापाशी दिसला. वाळलाय. म्हणाला, रविवारी भाजलेलं मटण करतो, येतोस? एकट्यापुरतं करायला जीव होत नाही. मटणासोबत बीअर आली, म्हणजे पुन्हा ठराव आलाच. सप्टेंबरनंतर नक्की, असं सांगितलं. हो हो, तुझी कामं आहेत, म्हणाला. समजूतदार माणूस.

१७ सप्टेंबर
तेरा दिवस उरले. शेअर : चोवीस. लागतात चारशे. शेवटच्या आठवड्यात लाट येते, सगळ्या मोहिमांचं असंच असतं. विल्फच्या घरातला दिवा दिवसाढवळ्या जळतोय, कालपासून. वीज काय फुकट येते का? पत्रं संपली की बोलेन त्याच्याशी.

१९ सप्टेंबर
विल्फ गेला. अंडी द्यायला गेलेल्या अॅक्रॉइडला स्वयंपाकघरात सापडला. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस झाले असावेत. मला भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. टाइपरायटरचा आवाज असतो माझ्याकडे.

२० सप्टेंबर
प्लव्हर चालू असता तर पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी विचारलं असतं, विल्फ कुठाय? हा मुद्दा पत्रकात घालायला हवा. लिहायला बसलो. जमलं नाही.

२७ सप्टेंबर
अंत्यविधी. नंतरच्या चहापाण्यासाठी कंपनीने एका दुपारपुरता प्लव्हर उघडून दिला. हेस्टरने फोन केला होता म्हणे. एक फोन. माझ्या एक्केचाळीस पत्रांना पोच नाही.
साठेक माणसं होती. पबच्या चारशे वर्षांत एवढी नसतील आली तिथे. हसत होती, विल्फचे किस्से सांगत होती. मला एकही माहीत नव्हता.
त्याची मुलगी लिंडसे भेटली. म्हणाली, बाबा दर रविवारी फोनवर तुमच्याबद्दलच बोलायचे. काय म्हणायचे, विचारलं. म्हणाली, अल्विन माझ्यासाठी इतकं करतोय, त्याला त्रास द्यायला नको. मग तिने माझे दोन्ही हात धरून आभार मानले. खूप वेळ धरून ठेवले. मला सोडवता येईनात.

१ ऑक्टोबर
मुदत संपली. आज दुपारी फ्लॅटवाल्यांचा ट्रक आला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
संध्याकाळी फिरायला निघालो, सहज, अॅक्रॉइडच्या वाटेने. शेडमध्ये उजेड. सगळं गाव आत, हेस्टरसुद्धा. मी दाराशी उभा राहिलो. अॅक्रॉइड बाहेर आला, टोपी काढली, फार अदबीने म्हणाला, तुम्हाला बोलावलं नाही मिस्टर ट्रास्क, ठराव आहे ना तुमचा. आणि दार हळूच लोटून घेतलं. आजवर तो मला ‘अरे ट्रास्क’ म्हणायचा.
ठराव सात रद्द करायला हवा. त्यासाठी बैठक, बैठकीसाठी नोटीस. घरी येऊन टाइपरायटरला कागद लावला. नोटीस तयार आहे. सभासदांची यादी उघडली. गैरहजरांची नावं कमी करता करता तिच्यात एकच नाव उरलंय, माझं.