कादंबरीत वारलेल्या ताईकडून

मु. फुलसावंगी

चिरंजीव इंद्रजित यास ताईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? टीव्हीवरच्या मुलाखतीत तुझे गाल बसलेले दिसले. (दाढी वाढवून ते लपत नाहीत.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. मीसुद्धा आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण त्याबद्दल तालुक्यात एकमत नाही.

तुझ्या कादंबरीतली बहीण वारली, वाईट वाटलं. पण तिचं नाव कौसल्या, गाव फुलसावंगी, अंगणात शेवगा, एवढं सगळं खरं लिहायची काय गरज होती? नेरच्या भागीरथा मावशीला सुनेनं ते प्रकरण वाचून दाखवलं. इंद्रा लहानपणापासून खोटं बोलत नाही, असं मावशीचं ठाम मत. ती पहिल्या एसटीनं निघाली आणि फाटकापासूनच गळा काढत आली. मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. मला पाहून थबकली, पण दाटून आलेलं रडणं परत कसं न्यायचं? "एवढ्या दुरून आलीच हाओ, तं रडून घेतो वं माय," म्हणाली आणि ओसरीत बसली. आवाज ऐकून शेजारणी जमल्या. मग मीही बसले. बोलता बोलता आईचा विषय निघाला आणि मला खरंच हुंदका आला. शेवटी माझ्या दुःखासाठी मावशीनं आणलेल्या चहा-साखरेचा चहा मीच सगळ्यांना केला.

पुढे तू गाणं काढलंस. रिकाम्या अंगणात भाऊ ताईला हाका मारतो, ते. (अंगण रिकामं नाही, दोन शेळ्या आहेत.) इकडे नवरी निघाली की डीजेवाले तेच लावतात. चाल मी लगेच ओळखली. शेतातून येताना तू तीच शिट्टीवर वाजवायचास आणि मी भाकर टाकायची थांबून ऐकायची. अजूनही ती ऐकू आली की हात थांबतो आणि भाकर करपते. यात तुझा काही दोष नाही, असं तुझे भावजी म्हणत नाहीत.

मग सिनेमा आला. भावजींनी मला दिग्रसला नेलं. शेवटी भाऊ घरी येतो, तर दाराला कुलूप. सगळं थेटर मुसमुसत होतं. एवढ्यात भावजी उठून ओरडले, "अरे, कायले रडून राह्यले? थे बाई माह्या बाजूले बसून हाये!" लोकांनी त्यांनाच दाबून खाली बसवलं. पलीकडची बाई हळूच मला म्हणाली, "बायको गेल्यावर मानसाचं असंच होते वो."

असो. तू कामाचा माणूस. माझ्यासाठी मुद्दाम येऊ नकोस.

तुझी,
कौसल्याताई

ता. क. सिनेमातलं ते कुलूप चुकीचं आहे. आपल्या दाराला कुलूप नसतं. मी घरीच असते.

आणखी एक. वर 'येऊ नकोस' लिहिलं, ते भावजी शेजारी बसून वाचत होते म्हणून. आता ते शेळ्या बांधायला गेलेत. इंद्रा, मला तुझी फार आठवण येते रे. कादंबरीत, गाण्यात, सिनेमात, तिन्हीकडे तू घरी येतोस, पण मी गेल्यावर. शेवग्याला शेंगा लागल्यात. एकदा मी असताना ये.