डावखुरी गिटार

३ जून
निर्णय पक्का. गिटार शिकायची.
डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हल्ली आळशी झालंय. मुंग्या येतात. कधी कधी तर दोघं आहेत की नाहीत तेच कळत नाही. व्यायाम हवा, बाकी काही नाही. गिटारीत डाव्या हाताच्या चारही बोटांना काम असतं म्हणे. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला?
थोरल्या दादांचं बोटांपासूनच सुरू झालं होतं. मग अर्धं अंग गेलं. पण त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बीपी होतं. मी बीपी कधी मोजलेलंच नाही, त्यामुळे प्रश्नच येत नाही.

५ जून
ऑफिसात रिसर्च. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोन दिवसभर कानालाच असतो, पण डोळे मोकळे असतात. नायलॉनच्या तारा मऊ, पण गिटारीची मान, म्हणजे तारा दाबायची दांडी, रुंद. स्टीलच्या तारांची मान अरुंद, पण बोटं सोलतात. नवशिक्याने नायलॉन घ्यावं. या नादात एका तक्रारदार बाईंना मी ‘नायलॉन बघा’ म्हणून मोकळा झालो. त्यांनी विचारलं, नायलॉनची पाइपलाइन असते का?
विषयाचा अंदाज आलाय. दुकानदार मला फसवू शकणार नाही.

८ जून
दुकानात गेलो. मालकाला पुढे टक्कल, मागे वेणी. त्याने नायलॉनची गिटार मांडीवर ठेवली आणि तार दाबा म्हणाला. दाबली. ‘ठप्प’ असा आवाज आला.
“करंगळी लावा,” वेणीवाला म्हणाला.
लावली आहे, असं मी सांगितलं. नाही लागलेली, तो म्हणाला. खाली बघितलं. खरंच नव्हती. बाहेर एकटीच उभी होती.
मान फारच रुंद आहे, असं ठणकावून सांगितलं आणि निघालो. रस्ताभर उजव्या हाताने करंगळी धरून चाललो होतो.

१४ जून
आज स्टीलची. मग त्याहून लहान, शाळकरी पोरांसाठी असते ती. दोन्हींवर करंगळीशेजारचं बोट घसरलं. दुकानातल्या उजेडाबद्दल तक्रार केली. वेणीवाल्याने निमूटपणे आणखी एक दिवा लावला. बोट घसरलंच.
घरी येऊन आरशासमोर हसून बघितलं. ओठांची दोन्ही टोकं सारखी वर जातात का? दादांचं एकच जायचं. पुन्हा हसलो. पुन्हा. ही दारात उभी होती. कशाला हसताय, म्हणाली. गिटार घेणार म्हणून आनंद झालाय, असं सांगितलं. ती हसली नाही.

१९ जून
परवा चहाचा कप डाव्या हातातून पडला. कपाचा कान निसरडा होता. “अहो, एकदा दाखवून या ना,” ही म्हणाली. आधी गिटार, मग बघू. तेव्हापासून ही मला चहा स्टीलच्या पेल्यातून देते. काटकसर अचानक कुठून सुचली कोण जाणे.

२४ जून
माझ्या डोक्याची कमाल आहे! गिटार डावखुरी घ्यायची. म्हणजे तारा उजव्या हाताने दाबायच्या, डाव्याने नुसत्या छेडायच्या. वेणीवाल्याला सांगितलं, मी जन्मजात डावखुरा. त्याने भिवया उंचावल्या. तशी मागवावी लागेल, म्हणाला, आणि परत घेणार नाही. ऑर्डरवर सही केली. सही झाल्यावर लक्षात आलं, उजव्या हाताने केली. तोही बघतच होता.

२ जुलै
गिटार आली. छेडायची चकती डाव्या चिमटीत धरली, ती सुटून गिटारीच्या पोटात गेली. दुसरी धरली. तीही पोटात. आता अंगठाही? पकडीत जोरच राहिला नाही.
गिटार उलटी करून हलवत बसलो. आत चकत्या खडखडत होत्या, बाहेर येत नव्हत्या. एकाएकी हुंदकाच फुटला. गिटार तशीच डोक्यावर उलटी. हिने ती हळूच काढून घेतली आणि माझ्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.
“उद्याची वेळ घेतलीय,” ती म्हणाली. “नाही म्हणायचं नाही.”
म्हणालो नाही.

३ जुलै
डॉक्टरबाईंनी चिमटीत कागद धरायला लावला. त्यांनी ओढला, गेला. मग कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली. करंगळीपर्यंत करंट! विचारलं, काम काय? फोनचं. कोणत्या हातात? डाव्या. कोपर कुठे? टेबलावर. किती वर्षं? नोकरी लागल्यापासून.
“कोपराशी नस दबलीय,” बाई म्हणाल्या. पक्षाघात नाही. बीपीही बरं आहे. हेडफोन वापरा, कोपर टेकू नका, हात सरळ ठेवून झोपा, व्यायाम करा. ताकद हळूहळू येईल.
बाहेर कॉरिडॉरमध्ये ही आधी रडली. मग मला इतकी बोलली की रांगेतले पेशंट आपापली दुखणी विसरले. मी दोन बोटांनी शर्टाचं बटण लावायची खटपट करतो, ते ती कधीपासून पाहत होती म्हणे. काचेचे कपही तिनेच वर ठेवले होते. ती माझ्याहून जास्त घाबरली होती. हे मला कसं दिसलं नाही?
ऑफिसात हेडफोन मागायचे. उद्याच.

२८ सप्टेंबर
फेरतपासणी. बाईंनी कागद ओढला, फाटला पण सुटला नाही. हात अगदी उत्तम, म्हणाल्या. जिना उतरताना हिने माझी करंगळी धरली होती. तिचा तळवा गरम आहे हे कळलं.
घरी आल्या आल्या गिटार घेतली. उजव्या हाताने तारा दाबल्या, डाव्याने छेडल्या. चकती पडली नाही. तासभर वाजवलं. कन्येने आतून विचारलं, बाबा, पलंगाचे नट आवळताय का?
मग गिटार उलट बाजूने धरून वाजवून पाहिली. वेगळी, पण तितकीच वाईट.
बाईंनी लेखी दिलंय, हातात काही दोष नाही.