फळीवरचा ठोका

तात्या, मी तुम्हाला पत्र लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आधी कागद केवढ्याला पडला ते विचारलं असतं, आणि मग एवढं काय सांगायचंय ते तोंडी सांग म्हणाला असता. तोंडी सांगायला तुम्ही कुठं आहात? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मी मोठा झालोय. तरी गाडीत बसलो की थोरले तुम्हीच. अजून वहाणा काढून अनवाणीच चालवतो. लोक हसतात, हसू देत.

देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील तेव्हा. बारामतीच्या अडत्याकडं लढाईतनं आलेला तो जुना पेट्रोलचा ट्रक होता आणि तुम्ही त्याचे ड्रायव्हर. आपल्या बावड्याहून, वडगावाहून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि बारामतीच्या पेठेत नेऊन उतरवायच्या. पेट्रोलचा काटा कायमचा मेलेला. टाकीत बांबूची कामटी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. तुम्ही इतकं सावकाश चालवायचात की बाकीचे ड्रायव्हर तुम्हाला ‘वरातीचा ड्रायव्हर’ म्हणायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला शिकवायला घेतलंत तेव्हा पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाहीत. चाकांतली हवा कमी केलीत आणि गोदामाच्या आवारात ट्रक ढकलायला लावलात. मी घामाघूम, ट्रक तसूभर हलेना. मग हवा भरायला लावलीत, दगडासारखी टणक, आणि पुन्हा ढकलायला. या खेपेला चाक फिरलं. “कळलं का? तुजी छाती फुटती तशी इंजिनाची बी फुटती,” एवढंच बोललात आणि तंबाखू मळायला लागलात.

शिकवताना तुम्ही माझ्याशेजारी कधी बसलाच नाहीत. “फुडं बसलो तर तू माज्या तोंडाकडं बगशील. तू रस्त्याकडं बग. इंजिन मला मागनं बी ऐकू येतंय.” केबिनच्या मागच्या बाजूला खिडकी नव्हती, नुसती फळी होती. तिच्या पलीकडं तुम्ही ढेपांवर आडवे व्हायचात आणि बोटाच्या पेरानं ठोका द्यायचात. एक ठोका म्हणजे पाय काढ. दोन ठोके म्हणजे वरचा गिअर टाक, उगाच इंजिन रडवू नकोस. लांबवर बैलगाडी दिसली की तेव्हाच पाय काढायचा, जवळ जाऊन ब्रेक दाबला की तुम्ही ओरडायचात, “बिरेक मारलास म्हंजी पेट्रोल रस्त्यावर वतलंस!” ओढ्याच्या उतारावर इंजिन बंद करून ट्रक नुसता सोडायचा आणि उतार संपता संपता गिअरात टाकून पुन्हा जागा करायचा. एकदा भिगवणच्या रेल्वे फाटकात गाडी उभी होती, इंजिन चालू, आणि मी एका ओळखीच्याशी गप्पा मारत होतो. तुम्ही खाली उतरलात, इंजिन बंद केलंत आणि मला हँडल मारून ते चालू करायला लावलंत. चालू झालं की पुन्हा बंद. फाटक उघडेपर्यंत हेच. चारचौघांत माझी अब्रू काढलीत म्हणून मी तुम्हाला बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

पण मला लिहायचंय ते त्या दुपारचं. बावड्यात ढेपा भरताना तुमच्या छातीत कळ आली. तुम्ही चाकाला पाठ टेकून खाली बसता, सदरा घामानं चिंब, ओठ काळेनिळे. आई घरातून पिठाच्या हातांनी पळत येते. वैद्य नाडी धरतात आणि मान हलवतात, “बारामतीला न्या. हितं माज्यानं काय व्हायचं न्हाय.” मी टाकीत कामटी बुडवतो. ओल जेमतेम, तुमच्या हातानं चालवली तर बारामती गाठेल एवढी. त्या महिन्यात पेट्रोल कुठंच मिळेना झालं होतं. आई म्हणते, “चल, ह्यास्नी घाल आत.” आणि धाप लागलेली असताना तुम्ही हात वर करून आम्हाला थांबवता. “आदी ढेपा उतरवा. आन् चाकातली हवा बग.” तात्या, तुमचा असा संताप मला कधी आला नव्हता. मी ओरडलो, “मरायला टेकलाय तुमी, आन् हवा काय बगू?” तुम्ही म्हणालात, “माळावर गाडी बंद पडली तर मंग हायच की मरायचं.” हमालांनी ढेपा उतरवल्या. मी पंप मारत होतो आणि रडत होतो. तुम्ही चाकाकडं बघत होतात, माझ्याकडं नाही.

तुम्हाला मागं रिकाम्या पोत्यांवर निजवलं, आई उशाशी बसली. मी गाव सोडलं आणि पाय दाबला. ठोका आला. पुन्हा दाबला, पुन्हा ठोका. पळवावी तर पेट्रोल मधेच संपणार, आणि त्या रस्त्याला दुसरी मोटर कधी येईल याचा नेम नाही. सावकाश जावं तर तुम्ही हातचे जाणार. इंदापूरच्या पंपाला साखळी घातलेली. पंपवाला तुम्हाला ओळखत होता, मागं डोकावून आला आणि त्याचा चेहरा उतरला. “थेंब आसता तर दिला आसता रं. हाय त्यातच गाठ बारामती. तात्यानं शिकवलंय तसाच जा.” मी तसाच निघालो. थांबून मागं येऊन बघावं असं सारखं वाटायचं, पण थांबायचं म्हणजे पुन्हा पहिल्या गिअरापासून सगळं, आणि तेवढं पेट्रोल आपल्याकडं नव्हतं. उतारावर इंजिन बंद केलं की मागचं ऐकू यायचं. पहिल्या ओढ्याला तुमचं कण्हणं ऐकू आलं, आणि त्यातूनच, “आता टाक गिअर.” पुढच्या ओढ्याला मी हाका मारल्या. आईच बोलली, “हायत. तू चल बाबा, थांबू नगंस.”

मग मला ते सुचलं. मी मुद्दाम पाय दाबायला लागलो. एवढ्याचसाठी, की ठोका येतो का बघावं. ठोका आला म्हणजे तात्या आहेत. टाकीतलं पेट्रोल तुम्हाला पोचवायला हवं होतं आणि तुम्ही आहात की नाही हे कळायलाही तेच जाळावं लागत होतं. नको नको म्हणायचो आणि थोडं पुढं गेलं की पाय दाबला जायचा. ठोका यायचा. मी पाय काढायचो, देवाचं नाव घ्यायचो, पुन्हा दाबायचो. ठोका येत राहिला. पण तुमचा ठोका मी पाय पुरता दाबायच्या आत यायचा, तुम्हाला इंजिनाचा श्वास बदललेला आधी कळायचा. कुठंतरी त्या माळावर तो उशिरा यायला लागला. इंजिन चांगलं ओरडल्यावर, मग. मी मनाला म्हटलं, दमले असतील. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, लांबूनच पाय काढत होतो, ब्रेकला एकदाही हात लावला नाही. म्हणजे पाय लावला नाही. तुम्ही हसला असता.

दवाखान्याच्या फाटकात ट्रक शिरला तेव्हा इंजिन चालू होतं. मी धावत मागं गेलो. तुमचं डोकं आईच्या मांडीवर होतं, डोळे तिनंच मिटवलेले. तिचा उजवा हात अजून फळीपाशी होता, बोटांच्या पेरांची सालटी गेलेली, रक्त आलेलं. मी त्या हाताकडं बघितलं. तिनं तो पदराखाली घेतला आणि म्हणाली, “आत्ता गेले बग. दारात. शेवटपातुर तेच ठोकत हुते.” डॉक्टरांनी तुमचा हात उचलून बघितला, तो वाकत नव्हता. त्यांनी आईकडं बघितलं आणि तो अलगद खाली ठेवला. नंतर मी एकट्यानं टाकीत कामटी बुडवली. टोक ओलं होतं. पेट्रोल उरलं होतं, तात्या. थोडं का होईना, उरलं होतं. तेवढं मी पळवू शकलो असतो. की तेवढं पळवूनही उपयोग नव्हता, तुम्ही आधीच गेला होतात? मग आई मला का अडवत होती? तर मधेच गाडी बंद पडून, तुम्हाला असं मांडीवर घेऊन, त्या उन्हात आम्हा दोघांना बसावं लागू नये म्हणून. एवढं मला कळतं. कुठल्या ओढ्यापासून पुढचे ठोके तिचे होते, ते कळत नाही.

आत्ता ती आत भाकरी थापतेय. ऐंशीला आली, तरी सुनांना थापू देत नाही. उठून जाऊन विचारलं तर सांगेलही कदाचित. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही, कारण तिनं ‘दुसरा ओढा’ म्हटलं तर पुढचा सगळा रस्ता मी कुणाला घेऊन चाललो होतो, हे मला सोसायचं नाही. हा कागद तिच्याच चुलीत जाईल. तेवढाच जाळाला उपयोगी, तुम्हाला पटेल.

एक तेवढं सांगून ठेवतो. लोकांना वाटतं मी तुमच्यासारखा, थेंब वाया जाऊ देत नाही. पण इंदापूर सोडून माळ लागला आणि रस्ता मोकळा असला की अजून मी एकदा पाय दाबतो. काही कारण नसताना. मग पाय तसाच ठेवून थोडा वेळ ऐकत राहतो. पेट्रोल जातं, तात्या. तेवढं जाऊ द्या.