उपटलेले फ्रेट

पप्पा,

काल दुपारी ठाण्यात कार्यक्रम होता. संपल्यावर एका बाईंनी विचारलं, तुमच्या बेस गिटारला फ्रेट का नाहीत, आणि अशा गिटारवर स्लॅप वाजवायला कोणी शिकवलं? मी म्हणाले, वडिलांनी. "नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. मी वायर गुंडाळत राहिले. घरी येताना शीळफाट्याला गाडी तासभर अडकली आणि डोक्यात तुमच्याशी भांडण सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली.

तुम्ही मारायचात. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. कोपरच्या चाळीत आपल्या दोन खोल्या, आतल्या खोलीत ओटा, मोरी आणि मम्मी. तुम्ही एमआयडीसीत फिटर. बिघडलेलं मशीन नुसतं कान लावून ओळखणारा माणूस, असं कंपनीतले लोक घरी येऊन सांगायचे. मम्मी त्यांना चहा द्यायची, डोक्यावर पदर ओढून, गालावरचा वळ दिसू नये म्हणून. भाजीत मीठ कमी पडलं की तिच्या पाठीत बुक्की. माझ्यासाठी पट्टा होता. मारताना तुम्ही कधी ओरडला नाहीत. "आवाज नको," एवढंच म्हणायचात, आणि मम्मी तोंडात पदर कोंबायची. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी तिला हळद आणून द्यायच्या, काही न विचारता.

बेस गिटार मी कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतलेली, शिकवण्या करून. तुम्ही सहा महिने काहीच बोलला नाहीत. मग टी.वाय.चा एक पेपर बुडवून मी शहाडला एका हॉलमध्ये वाजवायला गेले आणि तुमच्या कंपनीतल्या कोणीतरी मला तिथे पाहिलं.

रविवारची दुपार. तुम्ही टूलबॉक्स काढता, मला वाटतं नळ गळतोय. तुम्ही माझी गिटार मांडीवर आडवी घेता, तारा कापता. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात, बोट कुठे दाबायचं ते सांगणाऱ्या. ते फ्रेट. तुम्ही पक्कडीने पहिला धरता.

"पेपरला गेलीस?"

"नाही."

तो उपटून निघतो. दुसरा धरता.

"कुठे गेलेलीस?"

"वाजवायला."

मी मध्ये हात घातला. पक्कड माझ्या डाव्या मधल्या बोटावर बसली, आणि तुम्ही ती लगेच उघडली नाहीत. माझ्या डोळ्यांत बघत धरून ठेवलीत. नख पुढे काळं होऊन गळालं. मग बोट सोडलंत आणि तिसरा फ्रेट धरलात. वीसच्या वीस काढून फरशीवर ओळीने मांडलेत. लाकडाचा फारसा टवकाही उडाला नव्हता. रागातसुद्धा तुमचं काम स्वच्छ. "आता वाजव," म्हणालात आणि आडवे झालात.

मी वाजवली. खाली सुताराचं दुकान होतं, त्यांच्याकडून भुसा आणि गोंद आणून चिरा बुजवल्या, पॉलिश पेपर घासला, नव्या तारा चढवल्या. बिनफ्रेटच्या मानेवर बोट जरासं सरकलं की सूर गेला. लोक अशी गिटार हळुवार वाजवतात. मला हळुवार काही वाजवायचं नव्हतं. मला ठोकायचं होतं. स्लॅप म्हणजे तेच: अंगठ्याच्या हाडाने जाड तारेवर ठोका मारायचा, तर्जनीने बारीक तार उचलून सोडायची, की ती मानेवर आपटते. फ्रेट असले की खणखणीत वाजतं, माझं नुसतं थप्प व्हायचं, मार खाल्ल्यासारखं. तुम्ही ड्युटीला गेलात की मी चार-चार तास ठोकायचे. अंगठ्याला फोड आले, फुटले, तारेला रक्त लागलं. प्रत्येक ठोक्याला समोर तुमचं तोंड असायचं. हेच तुमचं शिकवणं.

मग ती सकाळ. डब्यात कालची भाजी भरली म्हणून तुम्ही मम्मीचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलंत. भुवई फुटली. कणकेच्या परातीत रक्त सांडलं. तुम्ही दुसऱ्यांदा तिचं डोकं मागे खेचलंत तेव्हा मी तुमच्या कानाखाली मारली. तुम्ही केस सोडलेत. तिथे मला थांबता आलं असतं. मी पुन्हा मारली, आणि पुन्हा, तुम्ही भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत, आणि बसल्यावरही एकदा.

मम्मीने मला मागून धरलं. "बस गं, बाप आहे तुझा."

"मग?" मी म्हणाले.

तुम्ही उठलात, चष्मा शोधलात, डबा न घेता कामावर गेलात. त्यानंतर आपल्या घरात कोणी कोणावर हात उचलला नाही. तुम्ही आणि मी बोललोही नाही, जवळजवळ वर्षभर.

एका संध्याकाळी मी कॉटवर बसून वाजवत होते. तुम्ही दारात उभे राहिलात, बराच वेळ. मग म्हणालात, "ते अंगठ्याने मारतेस ते कसं गं? दाखव जरा."

"तुम्हाला मारायला येतंच की," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत आणि आंघोळीला गेलात. तीन महिन्यांनी कंपनीत, मशीनपाशीच, तुम्ही कोसळलात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं.

हे पत्र मी मम्मीला दाखवणार नाही. तिने तुमचा फोटो भिंतीवर लावलाय, रोज पुसते. तिला आता तुमच्याबद्दल चांगलंच आठवतं, आणि ते मोडायचा मला काही हक्क नाही. वाचून झालं की फाडेन. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, त्या सकाळचा पश्चात्तापही नाही. फक्त एक कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही "दाखव जरा" म्हणालात ना, तेव्हा माझं ते उत्तर तोंडून निघायच्या आधी, मी कॉटवर तुमच्यासाठी थोडी बाजूला सरकलेले.